एकतीस जूनचं ताट

नेकनूरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर, पायरीच्या डाव्या अंगाला विजयमालाबाई बसतात. समोर पाट, पाटावर भांड्यावर नाव टाकायचं मशीन, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. गिऱ्हाइकानं आत तांब्या घ्यायचा, बाहेर येऊन चिठ्ठी द्यायची. ‘चि. अमुक व चि. सौ. कां. तमुक यांच्या शुभविवाहप्रीत्यर्थ, मामाकडून सप्रेम भेट.’ मशीन टर्र करतं आणि मामाचं प्रेम स्टीलवर उमटतं. बत्तीस वर्षं हेच चाललंय. आसपासच्या गावांत ज्या घराच्या मांडणीवर बाईंचं अक्षर नाही, त्या घरात लग्नच झालेलं नसणार.

बाईंच्या डोक्यावर भिंतीत एक खिळा आहे. त्या खिळ्याला एक ताट टांगलेलं आहे आणि त्याच्या काठावर कोरलंय: ‘शुभविवाह, ३१ जून १९९४.’

हे ताट बाईंनीच कोरलं. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. वडील रामहरी त्या दिवशी तापानं पडले होते, म्हणून मशीनवर पोरगी बसली. एका नवरीच्या बापानं चिठ्ठीत ३१ जून लिहून दिलं आणि पोरीनं एकशे एक ताटांवर इमानेइतबारे ३१ जून घातलं. घालताना तिला स्वतःच्या अक्षराचं फार कौतुक वाटत होतं. ताटं घरी गेल्यावर कुणीतरी मुठीच्या टेंगळांवर महिने मोजले आणि बोंबाबोंब झाली. रामहरीनं पदरची एकशे एक ताटं दिली. चुकलेली शंभर देवळाला वाहिली आणि एक लेकीच्या डोक्यावर टांगलं. म्हणाला, “कागदावरचं खोडता येतं, बोललेलं फिरवता येतं, पण स्टीलवरचं ऱ्हातं. समोरचा काय बी लिहून दील. आपन आधी मोजायचं.”

देवळातली ती शंभर ताटं आजही पंगतीला निघतात. बाईंच्या पुढ्यात त्यातलं एखादं आलं की त्या तारखेवर भाकरी ठेवतात आणि मुकाट जेवतात.

तेव्हापासून बाईंना मोजायची सवय लागली, आणि गावात मोबाइल आल्यापासून त्या सवयीला सुट्टी म्हणून नाही. लोकांच्या बोटांना कामधंदा उरलेला नाही. सकाळी उठायचं, चूळ भरायच्या आधी कुठला तरी चमत्कार दहा जणांकडे ढकलायचा आणि मग म्हशीला पाणी दाखवायचं. मधल्या मधे म्हैस ताटकळते.

शेजारच्या गल्लीतला शेळीवाला सटवा असाच एकदा धापा टाकत आला. धर्मापुरीच्या एका माणसाची शेळी दिवसाला चाळीस लिटर दूध देते, असा व्हिडिओ त्याला आला होता. सटवा दोन एसट्या बदलून शेळी बघायला निघाला होता. पिशवीत भाकरीसुद्धा बांधून घेतली होती.

“सटवाभाऊ, शेळीचं वजन किती ऱ्हातं?” बाईंनी मशीन बंद न करता विचारलं.

“लई झालं तर पस्तीस किलो.”

“आन चाळीस लिटर दूध?”

सटवानं मनात मोजलं. “चाळीस किलो... जरा वरच भरंल.”

“मंग सांजच्याला दूध काढल्यावर खुट्याला काय बांधत असंल तो? उणे पाच किलोची शेळी?”

सटवा पायरीवर बसला. पिशवीतली भाकरी काढली आणि तिथंच खाल्ली. त्याला शेळीचं नाही, एसटीच्या प्रवासाचं वाईट वाटलं.

दुसऱ्या एकीनं ‘हा संदेश पाच मिनिटांत अकरा जणांना पाठवा, न पाठवल्यास घरात विघ्न’ असं वाचून रडायला सुरुवात केली होती, कारण तिच्याकडे नऊच नंबर होते. बाईंनी तिला खडूनं पायरीवरच आकडे मांडून दाखवले. अकराचे एकशे एकवीस, त्यांचे तेराशे एकतीस. असं करत दहाव्या पायरीला अडीच हजार कोटींच्या वर गेले. “जगात मान्सं आठशे कोटी. म्हंजे पन्नास मिंटात मान्सं संपत्यात. मंग काय म्हशीला पाठवायचं?” ती रडायची थांबली. गेली मात्र विचारात, कारण म्हशीचं तिला अगदीच अशक्य वाटलं नव्हतं.

हा स्वभाव दुकानाबाहेर ठीक होता. घरात मात्र त्यानं एकदा घात केला. मुलगी तेजश्री हिला पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलाचा काका ऐटीत म्हणाला, “पोराचं वय सत्तावीस, इंजिनिअर हाय आन बारा वर्सांचा अनुभव.” बाईंनी चहा ओतता ओतता वजाबाकी केली. “म्हंजे पंधराव्या वर्सी इंजिनिअर झाला? आमच्याकडं तर त्या वयात दहावीचा फॉर्म भरत्यात.” स्थळ चहा न पिता उठलं.

दुसरं स्थळ कडा गावचं आलं आणि ते सगळ्यांनाच आवडलं. मुलगा रविराज शांत होता, त्याला आणि तेजश्रीला एकमेकांशी बोलताना हसू यायचं. लग्न जून अखेरीला ठरलं. कारण असं की तेजश्री दोन वर्षं एका सरकारी भरतीचा अभ्यास करत होती आणि तिची लेखी परीक्षा दहा मे, रविवारी होती. मागची भरती चार वर्षांपूर्वी निघाली होती. पुढची कधी निघेल, हे ती काढणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. तेजश्रीनं हॉलतिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फळीवर ठेवलं होतं आणि रोज संध्याकाळी दिव्याबरोबर तेही बघायची.

आणि एप्रिलमध्ये रविराजच्या वडिलांचा फोन आला.

सुंदरराव म्हणजे कड्याकडचे बागायतदार. कालव्यावरचा ऊस आहे, ट्रॅक्टर आहे, तीन निवडणुकांचा अनुभव आहे, तोही तिन्ही वेळा पडण्याचा. शिवाय ते आठशे बारा माणसांच्या एका ग्रुपचे ॲडमिन होते. फोनवर त्यांनी मेसेज वाचूनच दाखवला. येत्या मे महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार. असा लक्ष्मीयोग आठशे तेवीस वर्षांतून एकदाच येतो. या महिन्यात जे घर शुभकार्य करेल त्याच्या सात पिढ्यांना काही कमी पडणार नाही.

“सतरा तारखेपासून अधिक महिना हाय,” सुंदरराव म्हणाले. “त्याच्या आधी हॉल आन मुहूर्त एकाच दिवशी मोकळा हाय. दहा मे. धरला म्हणून समजा!”

फोन घेतला होता तेजश्रीच्या वडिलांनी, बद्रीनाथनं. हा माणूस टेम्पो चालवतो आणि समोरचा जे म्हणेल त्याला ‘हो’ म्हणतो. त्यानं ‘हो’ म्हटलं आणि फोन ठेवल्यावर आपण कशाला हो म्हणालो ते बायकोला सांगितलं. तेजश्री भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

विजयमालाबाई उठल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर खाली घेतलं. त्याच खिळ्यावर मागे गेल्या वर्षीचं, त्याच्या मागे त्याच्या आदल्या वर्षीचं, अशी कांद्याच्या पाकळ्यांसारखी वर्षं होती. “हे बघ. एकतीस दिसाचा महिना. चार आठवडे म्हंजे अठ्ठावीस. उरले तीन. ज्या वारी महिना सुरू झाला तो आन त्याच्या म्होरचे दोन, हे तीन वार पाचदा येनारच. शुक्रवारी सुरू झाला की शुक्र, शनि, रवि. आठशे तेवीस कशाचे? हा बघ मागच्या सालचा ऑगस्ट. एक तारीख, शुक्रवार. मे येईस्तवर नऊच म्हैने होत्याल त्याला!”

“मला पटलं, आई,” तेजश्री म्हणाली. “पण तू तिथं सांगू नको.”

“कावून?”

“मागच्या बारीला चहा तसाच ऱ्हायलता. तू एक शब्द जरी बोललीस तरी ते उठत्याल.” मग तिनं भाजी बाजूला सारली. “मला परीक्षा बी द्यायची हाय आन रविराज बी पायजे. दोन्ही पायजे. तू गप ऱ्हा. आण्णा काय तरी करतील.”

आण्णा म्हणजे बद्रीनाथ. तो मान हलवत होता.

आपल्या मोजण्यानं लेकीच्या गळ्याशी येतं, हे बाईंना आतवर लागलं. सोळाव्या वर्षी न मोजल्यामुळे बाप अडचणीत आला होता, आता मोजल्यामुळे लेक. त्यांनी तेजश्रीच्या डोक्यावर हात ठेवला. “शबूद दिला. तिथं मी तोंड उघडनार न्हाई.”

दोन दिवसांनी नवरा-बायको कड्याला गेले. विजयमालाबाईंनी वाटेतच अख्खी सुपारी तोंडात धरली, म्हणजे चुकून जीभ सुटली तरी अडखळावी.

सुंदररावांच्या ओसरीत बैठक बसली. रविराज खांबाला टेकून उभा होता. सुंदररावांनी चष्मा लावून मेसेज तिसऱ्यांदा वाचला आणि मोबाइल कपाळाला लावला. “आठशे तेवीस वर्सं! माझ्या आज्याला मिळाली न्हाई असली तारीख.”

“हो,” बद्रीनाथ म्हणाला. मग लेक आठवली असावी, कारण त्यानं पुस्ती जोडली, “परीक्षा... त्या दिशी...”

“परीक्षा काय, परत येती. योग परत येतो का?”

“न्हाई,” बद्रीनाथ म्हणाला.

बाईंनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. तेवढ्यात रविराजची आई सत्यभामाबाई पाणी घेऊन आल्या. तांब्या बाईंच्या पुढे ठेवला. आणि बाईंनी आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं, तांब्या हातात घेऊन फिरवला. कुणाच्याही घरी त्या पाणी प्यायच्या आधी भांडं वाचतात. तेजश्रीला याची लाज वाटते.

अक्षर त्यांचंच होतं. ‘श’ची गाठ जराशी मोठी, विशीतली. ‘चि. सुंदरराव व चि. सौ. कां. सत्यभामा यांच्या शुभविवाहप्रीत्यर्थ, मामाकडून सप्रेम भेट. रविवार, दि. १०-५-१९९८.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग तांब्या अलगद जमिनीवर ठेवला, नाव सुंदररावांकडे करून. सुंदरराव बोलतच होते. बाईंनी तांब्या टिचकी मारून वाजवला.

“पानी पायजे का अजून?” सत्यभामाबाईंनी विचारलं.

बाईंनी मान हलवली आणि तारखेवर बोट ठेवलं.

“हां, तो आमच्या लग्नातला. माझं माहेर नेकनूरच्या अंगाला, मामानं तिथंच घेतलता. अशी बावीस भांडी हायती.” सत्यभामाबाई कौतुकानं वाकल्या आणि वाचू लागल्या. “रविवार, दहा पाच...” त्या थांबल्या. मग हळूच नवऱ्याकडे वळल्या. “अवो. पोराचं लगीन कवा धरलंय म्हनलात?”

“दहा मे. कितींदा सांगू?”

“वार?”

“रविवार. पाचातला दुसरा.”

“आन आपलं कवा झालंतं?”

सुंदररावांनी छताकडे बघितलं. छतावर काही लिहिलेलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांना दरवर्षी एकदा येत असावा आणि दरवर्षी ते छताकडे बघत असावेत.

सत्यभामाबाई आत गेल्या आणि भांडीच घेऊन आल्या. परात आली, कळशी आली, डबा आला, तेल ओतायचा चोचीचा कावळा आला. एकेक ओसरीवर आदळत त्यांनी वाचायला सुरुवात केली. मावशीकडून, रविवार, दहा पाच अठ्ठ्याण्णव. आत्याकडून, रविवार, दहा पाच अठ्ठ्याण्णव. मित्रमंडळाकडून, रविवार, दहा पाच अठ्ठ्याण्णव. बद्रीनाथ प्रत्येकाला ‘हो’ म्हणत होता.

रविराजनं खांबापाशी मोबाइल काढला, मागे मागे जात अठ्ठ्याण्णवचा मे उघडला आणि शेजारी यंदाचा धरला. “पप्पा, हुबेहूब हाय. एक तारीख शुक्रवार. पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार. तुमचं लगीन ह्याच योगावर झालंय.”

ओसरीत कळशी तेवढी अजून घुमत होती.

“तुमच्या आज्याला न्हाई मिळाली तारीख,” सत्यभामाबाई म्हणाल्या, “पण त्याच्या नातवाला मिळालती की. मंग ह्यो योग माझ्या पदरात पडून अठ्ठावीस वर्सं झाली. सात बोअर मारले, साताला बी धूळ. तीनदा उभे ऱ्हायलात, तीनदा पडलात. एकदा बिनविरोध यायचं ठरलंतं, तर अर्जावर सही करायची ऱ्हायली. ह्योच का त्यो लक्ष्मीयोग? हेच माझ्या सुनंला द्यायलात?”

सुंदरराव राजकारणातले. पडले तरी माती लागू न देणारे. त्यांनी घसा साफ केला. “त्याला कारण हाय. तवा मोबाइल नव्हते. योग कुनाला फॉरवर्डच झाला न्हाई. मंग लागंल कसा?”

विजयमालाबाईंच्या तोंडातली सुपारी घशात जाता जाता राहिली. डोळ्यांत पाणी आलं. सत्यभामाबाईंनी त्यांच्या पाठीवर थापटलं आणि पुढ्यातच बसल्या. “इहीनबाई, तुमी भांड्यावर तारखा टाकता. तुमीच सांगा, असला महिना परत कवा येतो?”

शब्द दिलेला होता. बाईंनी तोंड मिटलेलंच ठेवलं आणि दोन्ही हातांची मिळून आठ बोटं वर केली.

“आठशे!” सुंदरराव उजळले.

बाईंनी मान हलवली.

“आठ वर्सं?” सत्यभामाबाई.

पुन्हा मान हलली.

“आठ म्हैने?”

बाईंनी डोळे मिटून होकार दिला. रविराजनं पुढच्या वर्षीचा जानेवारी काढला. एक तारीख, शुक्रवार. त्यानं मोबाइल वडिलांच्या मांडीवर ठेवला आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला, “पप्पा, तेजश्रीनं दोन वर्सं अभ्यास केलाय. मला त्या दिशी लगीन करायचं न्हाई.”

“मंग जानेवारीत करू!” सुंदरराव म्हणाले. “योग बी घावला, परीक्षा बी झाली.”

“जूनमधी,” सत्यभामाबाई म्हणाल्या आणि परात उचलली. “आधी ठरलं तसंच. अठ्ठावीस जून. उठा, इहीनबाईला गूळ आना, ठसका लागलाय.”

जून पक्का झाला. घरी आल्यावर बाईंनी उंबऱ्यातच सुपारी थुंकली आणि मग ज्या बोलत सुटल्या त्या संध्याकाळच्या स्वयंपाकापर्यंत. तेजश्री ऐकत होती, हसत होती आणि मधेच पदरानं डोळे पुसत होती. पदर आईचाच होता.

सत्य जिंकलं असं मात्र समजू नका. दुसऱ्या दिवशी सुंदररावांनी आठशे बारा जणांना कळवलं की ‘सदर लक्ष्मीयोग आमच्या घरी सन १९९८ मध्येच येऊन गेलेला असून ज्यांना शंका असेल त्यांनी तांब्या समक्ष पाहून जावे.’ लोक खरंच येऊ लागले. तांब्यातलं पाणी पिऊन जाऊ लागले. आष्टीहून एकजण बोअर घ्यायच्या आधी ते पाणी रानात शिंपडायला घेऊन गेला. सत्यभामाबाईंना दिवसाला चाळीस कप चहा पडू लागला. इकडे नेकनूरात सटवा विजयमालाबाईंकडे आला, तोही हात जोडून: “ताई, म्हनत्यात त्या तांब्यावर अक्षर तुमचं हाय. माझ्या शेळीच्या घंटीवर दोन आकडे टाका की.”

बाई संतापल्या. सोयरीक जुळल्यापासून सुंदररावांनी त्यांनाही ग्रुपमध्ये घेतलं होतं; त्यांनी मोबाइल काढला आणि आठशे बारा लोकांना उत्तर लिहायला बसल्या. तेजश्रीनं त्यांच्या हातातून तो अलगद काढून घेतला. “आई, परीक्षा होऊ दे. मंग काय मोजायचं ते मोज.” बाईंनी सटवाच्या घंटीवर ‘३५ किलो’ असं टाकून दिलं. तो खूश झाला.

दहा मेला सकाळी मायलेकी परीक्षेच्या गावी गेल्या. बाईंनी आदल्या दिवशी पाण्याच्या स्टीलच्या बाटलीवर तेजश्रीचं नाव टाकलं होतं, तारीख दहादा तपासून. फाटकावरच्या शिपायानं बाटली आत नेऊ दिली नाही. म्हणून ती बाटली मांडीवर धरून बाई दोन तास लिंबाखाली बसल्या. ऊन चढलं. कड्याच्या ग्रुपवर टुंग टुंग वाजत होतं, ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाचातला दुसरा रविवार होता आणि तो बाईंना मोजवत नव्हता.

तेजश्री बाहेर आली ती तोंडावर हात धरूनच. बाई लगबगीनं उठल्या. रडते की काय? जवळ आल्यावर दिसलं की पोरगी हसते आहे, इतकी की तिला बोलता येईना.

“काय झालं? अवघड व्हता?”

“सोपा गेला, आई. लई सोपा. पण एक प्रश्न...” तिनं बाटली घेतली, घोटभर पाणी प्यायली आणि श्वास सावरला. “प्रश्न असा व्हता, की एक मे शुक्रवारी असंल, तर त्याच वर्सी एकतीस जूनला कोनता वार येईल?”

“एकतीस जून?”

“एकतीस जून. खाली चार पर्याय. आजूबाजूची पोरं निवांत गनित करीत व्हती. मला इतकं हसू आलं की म्याडम येऊन विचारून गेली, तब्येत बरी हाय का म्हनून.”

“मंग तू काय केलंस?”

“त्यांच्या डोक्यात एक जुलै असनार. बुधवार येतो. बुधवारावर खूण केली. आन आक्षेप घ्यायची तारीख बी लिहून आनलीय. न्हाई सोडायची.”

विजयमालाबाई लिंबाच्या पारावर पुन्हा बसल्या. चिठ्ठी लिहिणारा एक, तपासणारा एक, छापणारा एक, वर मोठमोठे साहेब, आणि त्या सगळ्यांच्या हातून एकतीस जून सहीसलामत निघून हजारो पोरांसमोर गेला होता. त्या सोळा वर्षांच्या होत्या. एकट्या होत्या. बाप तापानं फणफणलेला होता. हे त्यांच्या आज पहिल्यांदा मनात आलं आणि त्या हसता हसता रडायला लागल्या. तेजश्रीनं त्यांना धरलं. येणारे-जाणारे समजले, आईचाच पेपर अवघड गेला.

संध्याकाळी नेकनूरला उतरल्यावर बाई घरी न जाता आधी दुकानाकडे गेल्या. पायरीवर चढल्या आणि खिळ्यावरचं ताट काढलं. बत्तीस वर्षांची धूळ होती, ती घरी येऊन राखेनं घासली. मग त्याच ताटात पिठलं-भाकरी वाढून घेतली. भाकरी मधोमध ठेवली, तारखेपासून लांब. बद्रीनाथनं काठावरचं वाचून विचारलं, “हे आज कसं काय?” त्यावर तेजश्रीनं सगळं सांगितलं आणि तो म्हणाला, “हो.”

जेवण झाल्यावर बाईंनी ताट धुतलं, पुसलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत खिळ्याला अडकवलं. त्यांना अठ्ठावीस जूनची भांडी कोरायला घ्यायची होती. घरच्या लग्नाची होती, पण चिठ्ठी सुंदररावांनी स्वतः लिहून पाठवली होती.